इमेजमधला शिळा थर

बारामतीहून भिगवणमार्गे इंदापूरला जाणाऱ्या एसटीत संस्कृतीला खिडकीची जागा मिळाली. त्या दिवशी मनासारखी झालेली ही एकच गोष्ट. बाकी सकाळपासून सगळं आडवंतिडवं चाललं होतं, आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर ती त्याचाच राग काढत होती.

राग एका कंटेनर इमेजवर होता. लोणी देवकरच्या एमआयडीसीत ती ज्या कारखान्यात नोकरी करायची, तिथे ‘चाकोरी’ नावाचं एक फर्मवेअर वापरायचे. फर्मवेअर म्हणजे मोटरच्या चिपमध्ये राहून तिला फिर म्हणणारा, थांब म्हणणारा कोड. चाकोरीचा कोड मोफत होता, कुणीही उघडून वाचावा, सुधारावा असा. तो सगळ्यांच्या संगणकावर एकसारखाच तयार व्हावा, म्हणून लागणारी सगळी अवजारं एका गठ्ठ्यात बांधून ठेवलेली. तो गठ्ठा म्हणजे इमेज. कल्पना छान होती. पण गठ्ठा तीन जीबीचा, आणि त्यात एकदा बिल्ड लावली, म्हणजे कोड चिपसाठी तयार करायला घेतला, की चाळीस मिनिटं नुसतं बघत बसायचं. संस्कृती प्रकल्पाच्या पानावर लिहीत होती, ‘ही इमेज बांधणाऱ्या शहाण्याला एकदा आमच्या सांगवीच्या नेटवर ती उतरवायला लावा...’

“पळसदेवचं नेट पण दाखवा म्हणावं त्याला,” शेजारून आवाज आला.

तिने खाडकन लॅपटॉप मिटला. शेजारी तांब्याच्या तारेचं रीळ मांडीवर घेतलेला एक तरुण बसला होता. उन्हाने रापलेला, आणि हसू दाबताना गालाला खळी पडणारा.

“दुसऱ्याचं वाचू नये.”

“वाचलं नसतं हो. पन माझ्याच नावानं शिमगा चाललाय म्हटल्यावर...”

“तुमच्या?”

“इंद्रजित. तो शहाणा मीच.”

दुसरी कुणी असती तर लाजून खिडकीबाहेर बघत बसली असती. संस्कृतीने लॅपटॉप परत उघडला. “बरं झालं भेटलात. चाळीस मिनिटं! तेवढ्यात माझी आई ढोबळी मिरचीचा अख्खा प्लॉट तोडून मोकळी होते.”

“मग कमी करा की तुमी. समद्यांना उघडं हाय ते.”

“करते. मग तोंड उघडू नका.”

“न्हाय उघडत,” असं म्हणून तो पळसदेव येईपर्यंत अखंड बोलत राहिला.

इंद्रजितचं पळसदेवला हायवेलगत पत्र्याचं शेड होतं. तिथे तो कडबाकुट्टीची, म्हणजे गुरांचा चारा बारीक कापणारी यंत्रं बनवायचा. कडबाकुट्टी घरोघरी असते, आणि दर दोन-चार गावांत तिने बोटं खाल्लेला एक तरी माणूस असतो. इंद्रजितच्या यंत्राच्या तोंडाशी एक पट्टी होती. तिला हात लागला की त्यानेच सुरू केलेली चाकोरी ब्रेक मारायची आणि पातं जागच्या जागी थांबायचं. त्याचं सगळं वेड त्या ब्रेकसाठी होतं. त्याच्याबरोबर लखन काम करायचा — चाळिशीचा, अबोल, तारा जोडण्यात एक नंबर.

संस्कृतीने खरंच इमेज हातात घेतली. नको ती अवजारं काढली, उरलेली थरांत लावली, न बदलणारा थर पुन्हा बांधायचा नाही अशी सोय केली. फेब्रुवारीत तीन जीबीचा एक झाला, मार्चमध्ये पाव. तिने पाठवलेला प्रत्येक बदल इंद्रजित ओळ न् ओळ वाचायचा आणि खाली शेरा मारायचा. शेरे आधी कोरडे होते. मग हळूहळू त्यांना पालवी फुटली.

‘सतराव्या ओळीत काय म्हणायचंय?’

‘सतराव्या ओळीपर्यंत पोचलात? मला वाटलं तिसरीवरच झोपाल.’

‘तुमच्या ओळी वाचताना झोप लागत नाही. हीच पंचाईत आहे.’

हे सगळं जगात कुणालाही वाचता येण्यासारखं होतं. चाकोरीला हातभार लावणाऱ्या जर्मनीतल्या कुणीतरी खाली एक हसरा चेहरा टाकला, तेव्हा कुठे दोघांना भान आलं आणि बोलणं फोनवर गेलं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

एकदा ती शेडवर गेली, तेव्हा इंद्रजितच्या चुलतीने तिला घरी नेलं. प्रयागबाई. नवरा नाही, पोटी मूल नाही, दोन म्हशी आणि हा पुतण्या एवढाच संसार. इंद्रजितचं पहिलं यंत्र तिच्याच गोठ्यात होतं. तिने मासळीचं कालवण वाढलं, टम्म फुगलेली भाकरी ताटात टाकली आणि तोंडावरच विचारलं, “आमच्या इंद्याला काय बोलायला येतं का गं? का नुसतं मोटरीचंच सांगतोय?”

“मोटरीचंच सांगतात, काकी.”

“मग तूच बोल. न्हायतर म्हातारी हुशील.”

इंद्रजितचे कान लाल झाले. संस्कृतीला ते फार आवडले.

बारा एप्रिलला इमेजचा शेवटचा मोठा बदल तयार झाला. आता बिल्ड सहा मिनिटांत होणार होती. त्याच दिवशी दोघांनी भेटायचं ठरवलं होतं. उजनी धरणाचं पाणी खाली गेलं होतं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, आणि तिथपर्यंत चालत जाता येत होतं. तिची गाडी साडेतीनची. तीन वाजता इंद्रजितचा शेरा आला, ‘ब्रेकचा भाग वेगळ्या ठिकाणाहून येतो. तो दर बिल्डला नवा घेतला जातो ना? थर शिळा राहिला तर?’

प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायला दोन बिल्ड लावून ताडून बघायला हवं होतं. अर्धा तास. गाडी चुकली असती, आणि पुढची साडेपाचला. न्हालेले केस अजून ओले होते, निळा कुर्ता अंगात होता, आणि आई, सारजाबाई, ओसरीतून दोनदा डोकावून गेली होती. संस्कृतीने लिहिलं, ‘बघितलंय.’

आणि तेवढ्यावर न थांबता फोनवर वेगळं पाठवलं, ‘इतका संशय असेल तर आज येतच नाही जा!’

दुसऱ्या मिनिटाला त्याने बदल मंजूर केला.

देवळाच्या दगडांवर दोघं बसले आणि वळवाने गाठलं. टपोरे थेंब, गाळाचा वास, दूर पाण्यात उभे बगळे. आडोशाला उभं राहायला जागा एकाच माणसापुरती होती, म्हणून दोघंही भिजले.

“वैशाख सरायच्या आत काकीला घिऊन सांगवीला येऊ?” तो पाण्याकडे बघत म्हणाला.

“कशाला? मिरच्या बघायला?”

“व्हय... मिरच्याच. एक लई तिखट हाय म्हनं.”

“सोसेल?”

त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे खाली गेले. इतकं सुख आपल्या वाट्याला आलंय यावर तिचा विश्वास बसेना. खरं सांगायचं तर ‘बघितलंय’ हा शब्द त्या वेळी तिच्या डोक्यातून पार पुसला गेला होता.

मे महिन्यात ऊन असं पडलं की पत्र्याला हात लावायची सोय राहिली नाही. मोटर फार तापली की ब्रेक लागायला दोन सेकंद उशीर होतो, ही खोट इंद्रजितनेच शोधली. पाच मेला ब्रेकच्या कोडमध्ये ती दुरुस्त केली, बारा मेला नवी बिल्ड लावली. सहा मिनिटांत झाली. पडद्यावर नव्या आवृत्तीचा आकडा आला. आठवडाभरात त्याने सदतीस यंत्रांत ती भरली, आणि जिथे जाईल तिथे सांगत सुटला, “आता उन्हातबी बिनघोर चालवा.”

वीस मेला भर दुपारी प्रयागबाई म्हशींसाठी मका कापत होती. पुतण्याने बिनघोर म्हणून सांगितलं होतं. अडकलेलं धाट ढकलायला तिने हात पुढे केला. पट्टीला हात लागला, आणि पातं थांबलं — दोन सेकंदांनी.

संस्कृती इंदापूरच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा उजव्या हाताची चार बोटं गेली आहेत, हे डॉक्टर सांगून गेले होते. प्रयागबाई शुद्धीत होती. बांधलेला हात उशीवर ठेवून छताकडे बघत होती.

“भाकरी कशी थापू गं आता?” एवढंच म्हणाली. रडली नाही.

बाहेर व्हरांड्यात इंद्रजित लखनवर ओरडत होता. पाच-पंचवीस माणसं बघत होती. “पट्टीची तार सैल सोडली असनार तू! दुसरं काय असंल? कोड नवा हाय, मी सोता भरलाय!” लखन खाली मान घालून उभा होता. “आसंल दादा,” तो म्हणाला, “माझ्याच हातनं ऱ्हायली आसंल...” इंद्रजितने त्याला उद्यापासून शेडवर येऊ नको म्हणून सांगितलं. लखन गेटाबाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसला, आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्कृतीने सांगवीत, आपल्या खोलीत, इमेज उघडली. कशासाठी, ते तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. एकेक थर उलटत ती ब्रेकच्या थरापाशी आली. त्याच्यावर तारीख होती — बारा एप्रिल.

पाच मेची दुरुस्ती त्या थरात आलीच नव्हती. न बदलणारा थर पुन्हा बांधायचा नाही, असं तिनेच इमेजला शिकवलं होतं, आणि ब्रेकचा भाग बदलला आहे का हे विचारणारी एक ओळ घालायची राहिली होती. आकडा नवा, ब्रेक जुना. सदतीस यंत्रांत तोच.

तिने तारीख पुन्हा एकदा वाचली. मग हात आपसूक चालू लागले. ती एक ओळ घातली. खाली बदलाचं वर्णन लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा.’ पाठवायचं बटण समोर होतं. ते दाबलं की नवी बिल्ड होणार, इंद्रजितला काहीतरी निमित्त सांगून ती यंत्रांत भरायला लावता येणार, पुढे कुणाचा हात जाणार नाही. वैशाख सरायला अजून थोडे दिवस होते. काकी बरी होऊन घरी येईल. संस्कृती स्वतः तिच्या वाट्याच्या भाकरी थापेल, जन्मभर थापेल. आणि तारेचं काय, ती सैल असूही शकते एखादे वेळी... इथे तिला लखनची खाली गेलेली मान आठवली, आणि आपण आत्ता मनात काय जुळवत होतो ते कळून तिला स्वतःची किळस आली.

तिने वर्णन खोडलं. लिहिलं, ‘ब्रेकचा थर शिळा राहत होता. बारा एप्रिलला मला विचारलं होतं. मी तपासल्याचं सांगितलं, ते खोटं होतं. संस्कृती.’ बटण दाबलं आणि फोन लावला.

“सगळ्यांना फोन करून यंत्रं बंद ठेवायला सांग. आत्ता. सदतीसच्या सदतीस.”

“का? काय झालं?”

“आधी सांग त्यांना. मी निघालेय. आणि लखनभाऊंच्या घरी ये, शेडवर नको.”

लखनचं घर पळसदेवच्या वरच्या आळीला होतं. तो उंबऱ्यात बसला होता, पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. इंद्रजित अंगणात मोटरसायकल टेकवून उभा. संस्कृती बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं — थर, तारीख, तो प्रश्न, ते उत्तर. गाडी चुकू नये म्हणून दिलेलं, हेही सांगितलं.

लखनने हळूच विचारलं, “म्हंजी ताई... माझी तार घट हुती?”

“घट्ट होती, लखनभाऊ. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.”

त्या दांडग्या माणसाने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घेतला आणि तो हमसून हमसून रडायला लागला. आतून त्याची बायको धावत आली. इंद्रजितने पुढे होऊन त्याच्या पायाला हात लावला. “चुकलं माझं, लखनभाऊ.” मग तो उठला, पण संस्कृतीकडे त्याने बघितलं नाही.

दवाखान्यात ती एकटीच आत गेली. प्रयागबाईला थर, इमेज यातलं काय कळणार होतं? तिने सोपं करून सांगितलं — मला एक गोष्ट बघायला सांगितली होती, मी न बघताच बघितली म्हणून सांगितलं, म्हणून तुमची बोटं गेली.

प्रयागबाईने तिच्याकडे मान वळवली. “बगितलं न्हाय, आसं म्हनायला काय झालं हुतं?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. “इंद्या काय खाऊन टाकनार हुता तुला?”

प्रयागबाईने भिंतीकडे तोंड केलं. “जा आता,” ती म्हणाली. “मला झोपू दे.”

नवी बिल्ड झाली, तेव्हा इंद्रजितने ती आधी शेडवरच्या मोटरीवर तापवून तापवून दहा वेळा बघितली. मग आठ दिवस दोघं मोटरसायकलवर फिरत होते — लोणी देवकर, निमगाव, कळस, भिगवण. प्रत्येक दारात संस्कृती स्वतः सांगायची, “चूक माझी होती.” कुणी ऐकून घेतलं, कुणी आईवरून शिव्या दिल्या, एका म्हातारीने दार लावून घेतलं. इंद्रजित लॅपटॉप जोडून खाली बसायचा आणि कामाशिवाय शब्द बोलायचा नाही. मागे बसताना तिने एकदाही त्याच्या खांद्याला धरलं नाही. धरावंसं मात्र प्रत्येक खड्ड्याला वाटलं.

सदतिसावं यंत्र भिगवणला झालं. तो तिला एसटी स्टँडवर सोडायला आला. ऊन कलत होतं. गाडीला वेळ होता, आणि पहिल्यांदाच दोघांना करायला काम उरलं नव्हतं.

“चाकोरी बंद करनार हुतो मी,” तो म्हणाला. “मग वाटलं, बंद केली तर काकीसारखीला तेवढाबी ब्रेक मिळायचा न्हाय.”

“बंद करू नकोस.”

“न्हाय करत.” तो थांबला. “काकी म्हनती, झालं गेलं सोड. पोरगी सोताहून बोलली, दुसरी असती तर दडपलं असतं. सांगवीला जाऊ म्हनती.”

“आणि तू?”

“मी...” तो खाली बघत होता. “तू आवडतीस मला. आजबी. काय करू, जातच न्हाय ते. पन खरं सांगतो... इथनं फुडं तू काय बी बघितलंय म्हनालीस, तर मी उठून परत बघनार. गॅस बंद केलाय म्हनालीस तरी बघनार. मला ऱ्हावनारच न्हाय. जन्मभर.” त्याने मान वर केली. डोळे भरले होते. “चालंल तुला तसं? चालत असंल तर येतो.”

एका शब्दाचं काम होतं. चालेल. तो शब्द तिच्या जिभेवर आला, गोड, तयार. तो खरा आहे असं तिला मनापासून वाटायला लागलं होतं. मग तिने तो जरा तपासून बघितला. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत आपल्यामागून हळूच उठून बघून येणारा इंद्रजित तिने डोळ्यांपुढे आणला. एक वर्ष. दहा वर्षं.

“नाही,” ती म्हणाली. “आज चालेल म्हणाले असते. पण नाही चालणार, इंद्रजित. मला रोज टोचेल ते. मग मी तुझ्यावर चिडेन, आणि चूक माझी असून तुला बोल लावेन.”

मग त्याने मान हलवली, अगदी सावकाश. त्याचा हात तिच्या हाताकडे आला आणि मध्येच थांबला. शेवटी तिनेच तो घट्ट धरला. तिथल्या गर्दीत कुणी बघतंय का, याची दोघांनाही पर्वा नव्हती. बारामतीची गाडी लागली. त्याने तिची बॅग वर चढवून दिली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. दोघांनीही रडू आवरायचा प्रयत्न केला नाही.

सांगवीला सारजाबाई ओसरीत मिरच्या निवडत बसली होती. चांगल्या क्रेटमध्ये, डागी बाजूला. लेकीचा चेहरा बघून तिचे हात थांबले.

“कवा येनार हायती गं पाव्हनं?”

“येणार नाहीत, आई.”

“का? नगं म्हनलं त्यांनी?”

“मी नको म्हटलं.”

सारजाबाईने हातातली मिरची खाली ठेवली. उद्या गावात चार बायका विचारणार, तेव्हा सांगायला काहीतरी हवं होतं. “पोरात काय खोट निघाली व्हय?”

हो म्हणणं सोपं होतं. आई तेच ऐकायला बसली होती, आणि पळसदेवहून खरंखोटं करायला कुणी येणार नव्हतं. संस्कृती पायरीवर बसली.

“त्याच्यात नाही, आई,” ती म्हणाली. “माझ्यात. बस, सांगते.”